तुमचं सोडून कुणाचंही

पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देणाऱ्या दुकानांची एक गल्ली होती. त्या गल्लीत त्याला सगळे 'निगेटिव्ह' म्हणत. स्वभावाने माणूस नेमका उलटा. काळी ठिक्कर पडलेली मोटार पुढ्यात आणून ठेवली तरी "होईल हो, काय धाड भरलीय तिला" म्हणणारा. नाव पडलं होतं ते रक्तगटावरून. त्याचा गट ओ निगेटिव्ह, आणि तो गट मिळता मिळत नाही. शहरात कुणाला लागला की फोन याला, आणि हा अर्धी गुंडाळलेली कॉइल तशीच टाकून, वॉर्निशने चिकट झालेले हात फडक्याला पुसत निघालेला. गिऱ्हाईक तिकडे बोंब मारत बसायचं. शेजारचे दुकानदार म्हणायचे, धंद्यात रक्ताचं पाणी करणारे पुष्कळ पाहिले, पण हा रक्त देतो आणि धंद्यावर पाणी सोडतो.

ही गोष्ट मात्र त्याच्या बायकोची आहे. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं पाडायच्या मशीनवर बसायची. दिवसभर खट्खट्, एका शर्टाला सात काजं, आणि एकही धागा इकडचा तिकडे नाही. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याची बोलती बंद. योगायोग असा की तिचाही गट ओ निगेटिव्ह. लग्न ठरताना कुणी विचारलं नव्हतं. नंतर कळलं तेव्हा हा गल्लीभर सांगत सुटला, जसं काही त्याने स्वतः शोधून काढलं होतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा स्कूटरवरून येताना मागून येणाऱ्या एका ट्रकने दोघांना उडवलं. त्याला खरचटण्यावर निभावलं. तिची प्लीहा फुटली, पोटात रक्त साचत गेलं. दवाखाना छोटा, फ्रिजमध्ये तिच्या गटाची एकही पिशवी नाही. हा फाटक्या शर्टाने उभा होता, त्याने बाही वर केली. तपासलं, जुळलं, त्याची एक पिशवी तिला चढली, आणि सर्जनने वेळेत रक्त थांबवलं. ती जगली ती त्या पिशवीवर. यात दुमत कुणाचंच नव्हतं, आणि ते तसं असूही नये.

तेव्हापासून त्याला बोलायला जोर आला. "नवरा-बायकोचं नातं रक्ताचं नसतं म्हणतात," तो पाहुण्यांना सांगायचा. "आमचं आहे. लेखी आहे." ती कधी संतापली की म्हणायचा, "बघा, माझंच रक्त उसळतंय." सासूबाईंनाही ते आवडायचं. परक्याचं काही अंगात गेलं नाही, घरातलं घरातच राहिलं, असं त्या म्हणायच्या. ती वरवर नाक मुरडायची, पण मनातून तिला बरं वाटायचं. लाजायचं काय त्यात? ज्याच्याशी संसार मांडला त्याने जीव वाचवला होता.

मग तिला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या होत्या. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला तर बाळाला धोका असतो, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. इथे दोघंही निगेटिव्ह; सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून त्या बाजूला कुणी पुन्हा पाहिलंच नाही. दोन वर्षांनी पुन्हा तसंच. त्या वेळी बाळ जन्मलं, पण रडलं नाही. सुजलेलं होतं आणि पांढरंफटक. तिच्या नवऱ्याने त्याला हातांत घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि "किती पांढरं आहे गं" एवढंच म्हणाला. त्यानंतर घरात कुणी मुलाबाळांचा विषय काढला नाही. सासूबाईसुद्धा नाही, आणि त्यांची जीभ काही आवरती नव्हती.

तिसऱ्या वेळी ती दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टर तरुण होती आणि कुणाच्या शब्दावर विसंबणारी नव्हती. "दोघंही निगेटिव्ह आहोत" हे ऐकूनही तिने मान डोलावली नाही. "असाल. पण रक्तपेढीत जाऊन अँटिबॉडीची तपासणी करा," म्हणाली.

रक्तपेढी तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला होती. फ्रिज घरघरत असायचे. तिथे तपासण्या करणाऱ्या एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. त्यांनी तिला एकटीलाच आत बोलावलं आणि खुर्ची पुढे सरकवली. लोक खुर्ची पुढे सरकवतात तेव्हा बातमी चांगली नसते, हे तिला दोन वेळच्या अनुभवाने कळत होतं.

"तुम्हाला कधी रक्त चढवलंय?" बाईंनी विचारलं.

"हो. अपघात झाला होता तेव्हा. ह्यांचं." सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा थोडा फुलला.

"ह्यांचं म्हणजे?"

"नवऱ्याचं. आमचा गट एकच आहे ना."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग एक छोटं प्लास्टिकचं कार्ड तिच्यासमोर धरलं. त्यात सहा बारीक नळ्या होत्या, नळ्यांत पारदर्शक जेल. चार नळ्यांत लाल ठिपका तळाला जाऊन बसला होता. दोनांत तो वरच अडकला होता.

"खाली बसलं म्हणजे भांडण नाही," बाई म्हणाल्या. "वर अडकलं म्हणजे तुमच्या रक्ताने त्या पेशींना धरून ठेवलंय. हे बघा, ओ आणि निगेटिव्ह हे मोठे गट झाले. पण लाल पेशींवर आणखी शेकडो बारीक खुणा असतात. एरवी त्या कुणी बघत नाही, बघायची वेळही येत नाही. त्यातली एक आहे केल. ती बहुतेकांच्या रक्तात नसते. तुमच्यात नाही. पण तिच्याविरुद्धची अँटिबॉडी तुमच्यात आहे, आणि चांगली जोरदार आहे. म्हणजे ती खूण तुमच्या शरीराला कधीतरी भेटलीय."

तिला सगळं कळलं नाही, पण कळायचं तेवढं कळलं. "पण तेव्हा जुळलं होतं. तपासलं होतं त्यांनी."

"जुळणारच. तेव्हा तुमच्यात अँटिबॉडी नव्हती. ती नंतर झाली. परकी खूण दिसली की शरीर ती ओळखून ठेवतं. पुन्हा दिसली की सोडत नाही."

"आणि बाळात दिसली तर?"

"बाळाने बापाची खूण घेतली असेल तर तुमची अँटिबॉडी वारेतून जाऊन त्याच्या पेशी धरते. आणि ही तेवढ्यावर थांबत नाही. नव्या पेशी तयारच होऊ देत नाही. म्हणून ही बाळं पांढरी पडतात."

तिने कार्डातल्या अडकलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्यांचं रक्त अजून आहे माझ्यात?"

"नाही हो. लाल पेशी तीन-चार महिने जगतात. ते कधीच संपलं. राहिली ती ओळख."

"ती जात नाही?"

"कमी-जास्त होते. शरीर विसरत नाही."

"चूक कुणाची मग?"

बाईंनी कार्ड खाली ठेवलं. "मूल व्हायचंय अशा बाईला नवऱ्याचं रक्त शक्यतो देऊ नये, असं आमच्याकडे सांगतात. पण त्या दिवशी दुसरं होतं कुठे? ते दिलं नसतं तर तुम्ही आत्ता माझ्यासमोर बसला नसतात. याला चूक म्हणायचं का, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही."

"केल म्हणजे काय?" उठता उठता तिने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"एका बाईच्या आडनावावरून ठेवलंय. हे पहिल्यांदा सापडलं ते तिच्या रक्तात. तिचंही बाळच आजारी होतं."

बोळातून परत जाताना ती त्या कुठल्या कोण बाईचाच विचार करत होती. आडनाव जगभर झालं, पण तिच्या नवऱ्याला कुणी काय सांगितलं असेल?

निगेटिव्हचा मागच्या रक्तदानाचा नमुना पेढीत ठेवलेला होता. तपासला, त्यात केल होती. डॉक्टरनी सांगितलं की बापाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच ती खूण आहे, तेव्हा बाळाने ती घेतली असण्याची शक्यता निम्मी. निम्म्यावर माणूस जगू शकतो. ती काही दिवस जगली. मग सोनोग्राफीत दिसलं की बाळाच्या मेंदूकडे जाणारं रक्त नको तितक्या वेगाने धावतंय. रक्त पातळ झालं की ते असं पळतं. बाळाला रक्त द्यावं लागणार होतं, तेही पोटातच, नाळेत सुई घालून, आणि एकदा देऊन भागणार नव्हतं.

ती पुन्हा पेढीतल्या बाईंकडे गेली. "ह्यांना सांगू नका," म्हणाली.

"कधीतरी कळेल."

"कळू दे. पण आत्ता नको. बाई, त्यांच्याकडे दुसरं काही नाही हो. शिक्षण नाही, दुकानही भाड्याचं. रक्त देतात हीच एक मिजास. ती काढून घेतली तर माणूस उभा राहणार नाही. आणि मला ते उभे हवेत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिला रागच आला.

"मी आपण होऊन बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "पण विचारलं तर खोटंही सांगणार नाही."

घरी तिने एवढंच सांगितलं की बाळाला रक्त लागणार आहे, बाहेरचं कुणाचं तरी बघायला सांगितलंय. झालं. त्याचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उजळला. "बाहेरचं कशाला? घरात टाकी भरलेली असताना?" दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर खाऊन, धुतलेला शर्ट घालून तो निघाला. तिने दोन-तीन सबबी सांगून पाहिल्या; एकही धड नव्हती. शेवटी मूग गिळून त्याच्याबरोबर गेली.

बाही दारातच वर झाली होती. "घ्या बाई. मागच्या खेपेला चार महिने होऊन गेलेत, हिमोग्लोबिन हवं तर बघा."

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुमचं नाही चालणार."

"का? मी काही पीत-बीत नाही."

"त्याचा प्रश्न नाही. एक बारीक गट जुळत नाही, ह्यांचं रक्त त्याच्यावर उठतं."

"मग असा जुळणारा माणूस मिळायचा कुठे? आधीच निगेटिव्ह."

"तेवढं अवघड नाही. ओ निगेटिव्ह माणसांत बहुतेक कुणाचंही चालेल."

"आणि माझं?"

"तुमचं सोडून कुणाचंही."

तो हसला. चेष्टा समजून हसला. मग त्याने दोघींचे चेहरे पाहिले आणि हसू तोंडावरच राहिलं. मोटार उघडली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: जळायला सुरुवात कुठून झाली? सबंध गुंडाळी काळी पडलेली असली तरी पहिला वेढा कुठला गेला, ते तो हुडकून काढायचाच. आता त्याने तेच विचारलं.

"हिच्यात हे आलं कुठून?"

बाईंना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायचा हक्क त्यांचा नव्हता. तेव्हा तीच बोलली. "अपघाताच्या वेळी."

"तेव्हा तर एकच पिशवी दिली होती."

"हो."

तो आपल्या उघड्या दंडाकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "आधीची दोन्ही?"

"बहुधा," बाई म्हणाल्या.

त्याने बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावू लागला. ते काही केल्या लागेना. तिने जाऊन लावून दिलं. काज-बटणांत तिचा हात बसलेला; पण त्या वेळी तिलाही दोनदा करावं लागलं.

"मी कितीतरी बायकांना दिलंय," तो म्हणाला. "तरण्याताठ्या. बाळंतिणींना."

"त्यांच्यातल्या फार थोड्यांना असं होतं," बाई म्हणाल्या. "आणि त्या जगल्या ना? तुमचं रक्त वाईट नाही. यापुढे ते पुरुषांना देऊ, वयस्क बायकांना देऊ. एवढंच."

"तुम्ही दिलं नसतं तर मी त्याच दिवशी मेले असते," ती म्हणाली. जरा तारस्वरातच म्हणाली. त्याने मान हलवली, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हलवायचा तशी.

त्या दिवसापासून घर मुकं झालं. तो वेळेवर यायचा, वेळेवर जेवायचा, काही लागलं तर आणून द्यायचा. रोज संध्याकाळी पोटावर हात ठेवून "आज काय म्हणतोय गडी?" म्हणायची त्याची सवय होती, ती सुटली. तिच्या अंगाला हात लागणार नाही अशा बेताने तो वावरायचा. सासूबाईंना तिनेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि "घरातलं घरातच म्हणत होते मी," एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून बसल्या. कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. निदान भांडण तरी करता आलं असतं.

एक गोष्ट मात्र त्याने केली. पेढीत त्या गटाच्या पिशव्या थोड्या, आणि बाळासाठी ताजं रक्त हवं, म्हणून माणूस शोधायला हवा होता. शहरातले निगेटिव्ह लोक एकमेकांना ओळखून असतात. इतकी वर्षं ते याला फोन करत. आता हा एकेकाला करायला लागला. ती आतल्या खोलीतून ऐकायची. "मी बोलतोय. नाही, या वेळी मला हवंय." हे वाक्य त्याच्या तोंडून सरळ निघायचंच नाही. पलीकडचे विचारत असणार, तुझं काय झालं? तो म्हणायचा, "माझं चालत नाही." मग थोडं थांबून, "कारण मोठं आहे, भेटल्यावर सांगेन."

शेवटी जी मिळाली ती शाळेच्या बसची ड्रायव्हर. याने तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आली, खाकी शर्टातच. तिच्या रक्तात केल नव्हती, बाकीचंही सगळं जुळलं. ती आत रक्त देत पडून होती तोवर तिची पर्स छातीशी धरून हा बाहेर उभा राहिला. ती बाहेर आल्यावर तो काही बोलायला गेला, तोच "अहो, पोरं फाटकाशी उभी असतील माझी," म्हणत तिने पर्स ओढून घेतली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको टेबलावर पडून होती. पोटावर थंड जेल, पलीकडे पडदा, पडद्यावर करड्या सावल्या. डॉक्टरनी आधी बाळाला गुंगीचं आणि हालचाल थांबवणारं औषध दिलं, सुई नाळेत असताना त्याने हलू नये म्हणून. तो तिच्या उशाशी उभा होता. डॉक्टरनीच त्याला आत राहू दिलं होतं. बसवालीचं रक्त छोट्या सिरिंजमधून थोडं थोडं आत जात होतं. ती छताकडे बघत होती, आणि तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा.

"ठोके चांगले आहेत," डॉक्टर म्हणाली. "आजचं झालं. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. अजून बराच पल्ला आहे, पण आजचं झालं."

दोघांना शेजारच्या खोलीत थोडा वेळ बसायला सांगितलं. ती कुशीवर पडून राहिली. तो स्टुलावर बसला, हात दोन्ही गुडघ्यांत धरून.

"आई फोनवर विचारत होती. मशीनमध्ये एवढं सगळं दिसतं, तर बाळ कुणावर गेलंय तेही दिसलं का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? बापावर गेलंय, म्हणून तर ही पाळी आली." त्याचा आवाज चिरकला. "तुझ्यावर गेलं असतं तर सुईसुद्धा लागली नसती. गुटगुटीत वाढलं असतं. आधीची दोघंही माझ्यावरच गेली गं. माझ्यावर गेली म्हणून गेली."

ती कोपरावर उठली. डॉक्टरनी उठू नका म्हणून बजावलं होतं, तरी उठली. राग आला होता, आणि इतके दिवस साठलेला तो राग आता कुठे वाट मिळाल्यासारखा बाहेर आला.

"माझ्यावर गेलेलं मागितलं होतं कुणी? पहिल्यापासून मला तुमच्यावर गेलेलंच हवं होतं. तिन्ही वेळा तेच मागितलं आणि तिन्ही वेळा तेच मिळालं. दोन हातची गेली. आता हे एक आहे, बापावर गेलेलं, आणि त्याचा बापच त्याला हात लावत नाही."

तो उठला. स्टूल मागे पडलं, ते त्याने तसंच राहू दिलं. तिच्याजवळ येऊन त्याने हात पुढे केला, मागे घेतला, शर्टाला पुसला, आणि मग पट्टीच्या जरा बाजूला, पोटावर ठेवला. आत काही हाललं नाही. औषधाचा अंमल उतरायला वेळ होता. "हालेल," ती म्हणाली. तो हात तसाच ठेवून वाट पाहत उभा राहिला.